रायफलींचा दुसरा जन्म

1950 च्या दशकात अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरले, तर खिळे, दोरखंड आणि रंगाच्या डब्यांच्या शेजारी बऱ्याचदा एक लाकडी पिंप दिसे. त्यात छत्र्या ठेवाव्यात तशा रायफली उभ्या केलेल्या असत. जर्मन माउझर, ब्रिटिश ली-एन्फील्ड, इटालियन कारकानो. सगळ्या लष्करी, सगळ्या वापरलेल्या, आणि गोदामात गंज चढू नये म्हणून फासलेल्या तपकिरी ग्रीसने माखलेल्या. किंमत साधारण दहा ते तीस डॉलर. समोरच्या काचेच्या कपाटात विंचेस्टरची नवीकोरी शिकारी रायफल असे, तिला शंभराच्या वर मोजावे लागत. 1956 साली अमेरिकेत किमान मजुरी तासाला 1 डॉलर झाली. म्हणजे आठवडाभर चाळीस तास राबणाऱ्याच्या हाती चाळीस डॉलर. कपाटातली रायफल ही त्याची अडीच आठवड्यांहून जास्त कमाई, तर पिंपातली पंधरा डॉलरची रायफल दोन दिवसांची.

पण पिंपातली रायफल उचलून तशीच रानात जाणे गैरसोयीचे होते. ती माणसांच्या युद्धासाठी बनलेली. लांबलचक, वजनाला चार किलोच्या आसपास, टोकाला संगीन अडकवायची सोय, नळीवर जवळजवळ शेवटपर्यंत लाकडाचे वेष्टन, आणि दोन-दोन हजार मीटरचे आकडे कोरलेले साइट. हरणाची शिकार बहुधा शंभर-दीडशे मीटरवर होते आणि त्यासाठी दिवसभर डोंगर चढावा लागतो. म्हणून माणूस ती घरी आणी, गॅरेजात शिकंज्यात धरी आणि करवत, कानस नि पॉलिश पेपर घेऊन तिच्यातला शिपाई काढून टाकी. या उद्योगाला अमेरिकेत ‘स्पोर्टरायझिंग’ म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर तो फोफावला आणि 1968 च्या कायद्याने त्याचा मुख्य झरा आटवला.

आजचे शस्त्रसंग्राहक या काळाबद्दल हळहळतात. हजारो ऐतिहासिक रायफली करवतीखाली गेल्या, असे ते म्हणतात, आणि ते खरेच आहे. पण त्या करवतीमागचा माणूस कोण होता, त्याच्या खिशात किती पैसे होते आणि त्याने नेमके काय घडवले, हेही सांगायला हवे. तो भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात मात्र गरिबाघरी झाली नाही, ती थेट राष्ट्राध्यक्षांच्या घरी झाली. 1903 साली अमेरिकन लष्कराने स्प्रिंगफील्ड रायफल स्वीकारली. तिची मूळ रचना जर्मन माउझरची. इतकी, की अमेरिकन सरकारला माउझर कंपनीला पेटंटपोटी 2 लाख डॉलर द्यावे लागले. थिओडोर रूझवेल्ट तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते आणि शिकारीचे वेडे. त्यांनी सरकारी कारखान्याकडून स्वतःसाठी एक स्प्रिंगफील्ड शिकारी दस्ता बसवून करून घेतली. 1909 साली पद सोडल्यावर ते आफ्रिकेला गेले तेव्हा ती रायफल बरोबर होती, आणि 1910 साली आलेल्या त्यांच्या ‘आफ्रिकन गेम ट्रेल्स’ या पुस्तकात तिचे कौतुक आहे.

ते पुस्तक न्यूयॉर्कमधल्या सीमोर ग्रिफिन नावाच्या एका फर्निचर कारागिराने वाचले. लाकूड हा त्याचा रोजचा धंदा. त्याने एक स्प्रिंगफील्ड मिळवली, फ्रेंच अक्रोडाचा ठोकळा घेतला आणि स्वतःच दस्ता कोरला. तो पाहून मित्रांनी आपल्यालाही हवा म्हणून गळ घातली. पुढे 1923 साली ग्रिफिन आणि जेम्स हाउ यांनी ‘ग्रिफिन अँड हाउ’ ही कंपनी काढली. त्यांना एकत्र आणण्यात कर्नल टाउनसेंड व्हेलन या लष्करी अधिकारी-लेखकाचा हात होता. अर्नेस्ट हेमिंग्वेने 1930 साली याच कंपनीकडून स्प्रिंगफील्डवर घडवलेली रायफल घेतली आणि तीच घेऊन तो आफ्रिकेला गेला. लष्करी रायफलीच्या अंगात उत्तम शिकारी रायफल दडलेली असते, हे या श्रीमंत गिऱ्हाइकांनी आणि त्यांच्या कारागिरांनी आधी दाखवून दिले. सामान्य माणसाने तेच स्वस्तात करायचे ठरवले.

स्वस्त मालाचा पहिला मोठा लोंढा अमेरिकन सरकारनेच सोडला. स्प्रिंगफील्डच्या आधीची क्रॅग-यॉर्गेनसन रायफल लष्कराने निकालात काढली होती. नागरिकांना नेमबाजी यावी म्हणून असलेल्या सरकारी खात्यामार्फत ती 1920 च्या दशकात नॅशनल रायफल असोसिएशनच्या सभासदांना अगदी दीड डॉलरलाही मिळाली. क्रॅगचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, लोण्यासारखा सरकतो, अशी तिची ख्याती होती आणि आजही आहे. तिची नळी आखूड करायची, पुढचे लाकूड कापायचे, की झाली हरणाची रायफल. त्यापाठोपाठ आली 1917 ची एन्फील्ड. पहिल्या महायुद्धात स्प्रिंगफील्ड पुरेनात म्हणून विंचेस्टर, रेमिंग्टन आणि एडीस्टोनच्या कारखान्यांनी ब्रिटिश आराखड्यावरून या सुमारे 22 लाख रायफली बनवल्या होत्या. फ्रान्सला गेलेल्या बहुतेक अमेरिकन शिपायांच्या हातात स्प्रिंगफील्ड नव्हे, हीच असे. दिसायला बोजड. मागच्या साइटच्या दोन्ही बाजूंना पोलादी कान, पोटाशी सुटलेले मॅगझिन, बोल्टची मूठ वाकडी. पण अंगाने दणकट. ते दोन कान कानसीने घासून सपाट करणे, हा कित्येक अमेरिकन तरुणांचा बंदूककामातला पहिला धडा ठरला.

याच काळात एक धोकाही या धंद्याला चिकटला. बंदूक म्हणजे शेवटी पोलादाची परीक्षा. काडतूस फुटते तेव्हा नळीच्या मागचा रिसीव्हर, म्हणजे ज्यात बोल्ट मागेपुढे होतो तो पोलादी सांगाडा, सगळा दाब सोसतो. सुरुवातीच्या स्प्रिंगफील्ड रायफलींचे रिसीव्हर भट्टीत तापवताना पोलाद पुरेसे लाल झाले की नाही, हे जुने जाणते लोहार डोळ्यांनी रंग पाहून ठरवत. 1917 साली काही रिसीव्हर फुटले. चौकशी झाली, भट्टीवर तापमान मोजणारी यंत्रे लावली. तेव्हा कळले, की लख्ख उन्हाच्या दिवशी लोहाराच्या डोळ्याला जो रंग योग्य वाटतो, तो ढगाळ दिवशीच्या योग्य रंगापेक्षा 300 अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त तापलेला असू शकतो. त्यात पोलाद जळते, वरून पाणी दिले तरी ठिसूळच राहते. दोष लोहारांच्या हाताचा नव्हता, खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा होता. त्यानंतर पाणी देण्याची पद्धत बदलली आणि स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या 8,00,000 च्या खालच्या क्रमांकाच्या रायफलींकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. जनरल ज्युलियन हॅचर यांनी हा सगळा प्रकार आपल्या ‘हॅचर्स नोटबुक’मध्ये तपशिलाने नोंदवला आहे. पण खालच्या क्रमांकाच्या कितीतरी रायफली तोवर बाहेर पडल्या होत्या. सुंदर अक्रोडी दस्त्यात बसलेला ठिसूळ रिसीव्हर बाहेरून ओळखू येत नाही, त्यासाठी क्रमांकच वाचावा लागतो.

खरा पूर आला तो 1945 नंतर. जर्मनीने युद्ध संपेपर्यंत एक कोटीच्या वर माउझर रायफली बनवल्या होत्या, त्या आता शरणागतीच्या ढिगांत पडल्या. परतणाऱ्या शिपायांनी आठवण म्हणून एकेक उचलली. जपानमधून अरिसाका आली. अनेकींवरचे सम्राटाचे शेवंतीचे चिन्ह शरणागतीच्या वेळी घासून टाकलेले होते. मग देशोदेशीच्या सैन्यांनी बोल्टच्या रायफली सोडून आपोआप भरल्या जाणाऱ्या रायफली घेतल्या, आणि जुन्यांचे डोंगर गोदामांत साचले. त्या विकत घेणारा माणूस हवा होता. तो व्हर्जिनियात निघाला.

सॅम्युएल कमिंग्ज, जन्म 1927. पाच वर्षांचा असताना पहिल्या महायुद्धातली एक मॅक्झिम मशिनगन त्याला सापडली आणि तेव्हापासून शस्त्रांचे वेड लागले, अशी त्याची गोष्ट सांगतात. कोरियन युद्धाच्या काळात त्याने सीआयएसाठी काम केले. 1953 साली त्याने इंटरार्मको ही कंपनी काढली. अलेक्झांड्रिया गावात पोटोमॅक नदीकाठी त्याची गोदामे उभी राहिली. तो सरकारांशी बोलणी करी, एकेका देशाचे अख्खे शस्त्रागार उचले आणि अमेरिकन शिकाऱ्यांना किरकोळीत विके. या धंद्याची काळी बाजूही होती, कारण तोच माणूस लॅटिन अमेरिकेतल्या राजवटींनाही शस्त्रे पुरवत असे. पण अमेरिकेतल्या गॅरेजांना माल मिळाला तो प्रामुख्याने अशा व्यापाऱ्यांकडून, हे नाकारता येत नाही.

आता गॅरेजात जाऊ. माउझर आधी पूर्ण सुटी करायची. रॉकेलने ग्रीस धुऊन काढायचे. ते लाकडात इतके मुरलेले असे, की दस्ता उन्हात ठेवला तर दिवसभर घाम फुटल्यासारखे वर येत राही. मग पुढचे लाकूड पट्टीपाशी करवतीने उतरवायचे, टोक गोल करायचे, उरलेला दस्ता घासून त्यावर जवसाचे तेल तळहाताने रगडायचे. एक हात, वाळू द्यायचे, परत एक हात, असे आठवडे न् आठवडे. एवढ्यावर थांबले, तर खर्च जवळपास शून्य. ली-एन्फील्डच्या बाबतीत बहुतेक लोक इथेच थांबत, कारण तिचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो आणि पुढचा तुकडा कापला की काम संपते.

माउझरवाल्याला मात्र दुर्बीण हवी असे, आणि तिथून खरे काम सुरू होई. माउझरचा बोल्ट उघडला की त्याची मूठ वर उठते, ती दुर्बिणीला आपटते. मागची सेफ्टीही उभी राहते, तीही आपटते. म्हणून मूठ तापवून खाली वाकवायची किंवा कापून नवी जोडायची. हे काम नीट झाले नाही तर बोल्टच्या पोलादाचे पाणी उतरते, म्हणून शहाणे लोक बोल्टला ओली फडकी गुंडाळत, आणि त्याहून शहाणे लोक ते काम गावातल्या गनस्मिथला देत. सेफ्टीसाठी कॅलिफोर्नियाच्या मेनार्ड ब्यूलर यांनी आडवी सरकणारी सेफ्टी विकायला काढली होती. लष्करी चाप जड आणि दोन टप्प्यांचा, तो बदलायला टिम्नीचा चाप 1946 पासून मिळू लागला. दुर्बिणीसाठी, पुढे टेक्सासच्या एल पासोत स्थिरावलेले बिल वीव्हर यांनी 1930 पासूनच सामान्यांच्या खिशाला झेपणारा माल आणला होता. या सुट्या भागांभोवती एक सबंध छोटा उद्योग उभा राहिला आणि तो टपालाने चालत असे.

दस्त्यांचे मोठे केंद्र मिसूरी राज्यातले वॉर्सा हे छोटे गाव होते. बिशप आणि फायेन या दोन्ही कंपन्या तिथल्याच. मिसूरीच्या जंगलातला काळा अक्रोड मुबलक होता. ते यंत्रावर दस्ता जवळजवळ पूर्ण कोरून पाठवत आणि शेवटचे थोडे लाकूड मुद्दाम ठेवत. ते गिऱ्हाइकाने घरी काढायचे. या शेवटच्या कामात माणसाचा कस लागे. रिसीव्हरच्या खालच्या बाजूला काजळी लावायची, तो दस्त्याच्या खाचेत हलक्या हाताने दाबायचा, उचलायचा. लाकडाला जिथे काळा डाग पडला, तिथे लाकूड जास्त आहे. तेवढेच पटाशीने खरवडायचे, कागदाइतके पातळ. परत काजळी, परत दाबणे, परत डाग. सगळीकडे सारखा काळा डाग उमटेपर्यंत. घाईने एक जास्तीचा टवका निघाला, तर तो परत येत नाही. रिसीव्हर लाकडात हलत राहतो आणि नेम कायमचा भरकटतो. काम जमले, तर लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये नख घालायला फट राहत नाही. ज्याने आयुष्यभर कारखान्यात एकच नट आवळला, त्या माणसाला हे काम आपल्या हाताने पूर्ण करता आले, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. रायफल शिकारीला किती गेली, याचा हिशेब वेगळा.

सगळेच हात इतके जपून चालणारे नव्हते, पण त्यांना शिकवायची सोयही याच काळात झाली. 1944 च्या जीआय बिलाने युद्धावरून परतलेल्यांना सरकारी खर्चाने शिकायची सोय दिली होती. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड स्टेट ज्युनिअर कॉलेजात युद्धानंतर बंदूकदुरुस्तीचा अभ्यासक्रम सुरू झाला. तिथे पी. ओ. अ‍ॅक्ली शिकवत. स्वस्त लष्करी रायफलींपैकी कोणती किती भरवशाची, हा प्रश्न तेव्हा घरोघरचा होता. अ‍ॅक्लींनी तो सरळ मार्गाने सोडवला. वेगवेगळ्या रायफलींत दारूचा भार वाढवत वाढवत त्या फुटेपर्यंत उडवल्या. ज्या जपानी अरिसाकाला सगळे रद्दी समजत, ती सर्वांत उशिरापर्यंत टिकली.

अरिसाकाच्या मजबुतीची एक गोष्ट नॅशनल रायफल असोसिएशनच्या मासिकात आली होती. अमेरिकेत साडेसहा मिलिमीटरची जपानी काडतुसे मिळत नसत. एका कारागिराने अरिसाकाचे चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, मोठी करून त्यात अमेरिकन .30-06 काडतूस बसेल असे केले, पण नळीचे भोक तसेच ठेवले. म्हणजे पावणेआठ मिलिमीटरच्या आसपास जाडीची गोळी सुमारे पावणेसातच्या भोकातून जाणार. मालकाने त्या रायफलीने हरीण मारले आणि तक्रार काय केली, तर धक्का जरा जास्त बसतो. असोसिएशनच्या तंत्रज्ञांनी तपासली तेव्हा खरा प्रकार बाहेर आला. दुसरी कुठली रायफल असती, तर त्या माणसाचे डोळे गेले असते. अर्धवट ज्ञानाची किंमत या छंदात रक्ताने मोजावी लागे, आणि म्हणूनच अ‍ॅक्ली आणि हॅचर यांच्यासारख्यांचे लेखन घरोघर पोचले, हे फार चांगले झाले.

या स्वस्त मालाने सगळेच खूश नव्हते. अमेरिकेतले बंदुकांचे जुने कारखाने मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमध्ये. परदेशी लष्करी रायफल पंधरा डॉलरला मिळत असेल, तर शंभराची नवी कोण घेणार? 1958 साली मॅसॅच्युसेट्सच्या एका तरुण सिनेटरने परदेशातून येणाऱ्या जुन्या लष्करी बंदुकांच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक मांडले. त्याच्या राज्यातल्या कारागिरांच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता. विधेयक तसे मंजूर झाले नाही. फक्त अमेरिकेने परदेशी मदत म्हणून दिलेली शस्त्रे परत आयात करण्यावर निर्बंध आले, बाकीचा माल येत राहिला. त्या सिनेटरचे नाव जॉन एफ. केनेडी.

1963 च्या फेब्रुवारीत ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकात शिकागोच्या क्लाइन्स या दुकानाची जाहिरात आली. इटालियन कारकानो, नुसती 12.78 डॉलर, चार पट दुर्बिणीसह 19.95 डॉलर, टपालखर्च दीड डॉलर. मार्चमध्ये ए. हिडेल या नावाने 21.45 डॉलरची मनीऑर्डर आली. 20 मार्चला C2766 क्रमांकाची रायफल डॅलसच्या पोस्ट बॉक्सवर रवाना झाली. त्या नावामागचा माणूस ली हार्वे ऑस्वाल्ड होता. 22 नोव्हेंबरला याच रायफलीच्या गोळ्यांनी राष्ट्राध्यक्ष केनेडी मारले गेले. पाच वर्षांपूर्वी त्यांचे विधेयक मंजूर झाले असते, तर ही रायफल अमेरिकेत आली असती का, हा प्रश्न इतिहासात उघडाच आहे. दुकानाने बसवून दिलेली स्वस्त दुर्बीण आणि लष्करी रायफल ही जोडी हजारो घरांत हरणासाठी वापरली जात होती. त्या दिवसापासून तिच्याकडे कुणालाच पूर्वीसारखे पाहता आले नाही.

कनेक्टिकटचे सिनेटर थॉमस डॉड हे केनेडींच्या हत्येआधीच टपालाने होणाऱ्या शस्त्रविक्रीवर नियंत्रण आणायच्या खटपटीत होते, हत्येनंतर त्यांनी रायफलीही त्यात आणल्या. तरी पाच वर्षे लागली. 1968 च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले, तेव्हा कुठे काँग्रेस हलली. 22 ऑक्टोबर 1968 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गन कंट्रोल अ‍ॅक्टवर सही केली. टपालाने रायफल मागवणे बंद झाले आणि परदेशी लष्करी रायफलींची आयातही. हा कायदा आवश्यक होता, असे माझे स्पष्ट मत आहे. एका कुपनावर, खोट्या नावाने, घरपोच रायफल मिळण्याची सोय कुठल्याही समाजाला परवडणारी नव्हती. प्रामाणिक माणसांचा एक स्वस्त छंद त्यात आटला, ती किंमत मोजावी लागली.

आपल्याकडे हा छंद रुजणे शक्यच नव्हते. ज्या ली-एन्फील्ड मराठा पलटणींनी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात आणि दुसऱ्यात इटलीत वाहिल्या, ज्यांची काडतुसे पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात बनत आणि बुडाशी ‘केएफ’ हा शिक्का घेऊन जगभर फिरत, त्या .303 रायफली नागरिकाच्या हाती लागू नयेत याची इंग्रज सरकारने पुरेपूर काळजी घेतली होती. लष्करी काडतुसे चोरीला जाऊन बाहेर चालू नयेत म्हणून शिकाऱ्यांच्या रायफलींना वेगळा व्यास ठरवला गेला. त्यातूनच .315 ही खास हिंदुस्थानची रायफल रूढ झाली. अंग ली-एन्फील्डचेच, काडतूस मात्र निराळे. इंग्लंडची बीएसए कंपनी ती हिंदुस्थानासाठी बनवी आणि पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यानेही बनवली. म्हणजे अमेरिकन माणूस लष्करी रायफल कापून जे घरी करत होता, ते आपल्याकडे सरकारने कारखान्यातच करून विकले, तेही परवान्यावर. पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी तर ईशापूरला लष्करी रायफलींचे .410 व्यासाच्या साध्या, विनाआट्यांच्या बंदुकांत रूपांतर केले गेले. स्वतंत्र भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्यातही बंदुकीची नळी आखूड करायला वेगळा परवाना लागतो, ही तरतूद सहाव्या कलमात आहे.

ईशापूरच्याच आणखी एका रायफलीला मात्र अमेरिकन गॅरेज लाभले. 1962 च्या चीन युद्धानंतर सैन्याची गरज भागवायला ईशापूरने ली-एन्फील्डचा आराखडा 7.62 मिलिमीटरच्या नव्या काडतुसासाठी बदलून 2ए1 रायफल बनवली. 1984 साली सिनेटर बॉब डोल यांच्या पुढाकाराने कायदा शिथिल झाला आणि जुन्या लष्करी रायफली पुरातन वस्तू म्हणून अमेरिकेत परत येऊ लागल्या. पुढे या भारतीय रायफलीही तिथे पोचल्या. त्यांचे काडतूस अमेरिकेत सर्वत्र मिळणारे होते, किंमत कमी होती, म्हणून पुष्कळांनी त्यांची नळी कापून हलक्या जंगली रायफली केल्या. बंगालच्या कामगारांनी बनवलेले ते पोलाद आजही अमेरिकेच्या जंगलांत फिरते आहे.

पण तोवर वारे फिरले होते. ज्या माउझरला 1955 साली कुणी वीस डॉलरला विचारत नव्हते, ती मूळ स्थितीत, सगळे क्रमांक जुळणारी असेल, तर आज हजाराच्या वर जाते. तीच कापलेली असेल, तर त्याच्या काही अंशालाही कष्टाने विकली जाते. बापाने कापलेली रायफल मुलगा विकायला नेतो आणि दुकानदार मान हलवतो. म्हणून आता उलटा उद्योग सुरू झाला आहे. लोक जुना कापलेला दस्ता फेकून देतात, कुठूनतरी मूळ लष्करी लाकूड, पट्ट्या नि साइट मिळवतात आणि रायफल परत शिपायाच्या वेषात उभी करतात. नळी मूळ लांबीची राहिली असेल, तर हे साधते.

कॅनडाने मात्र वेगळी वाट धरली. उत्तरेच्या हिमप्रदेशात गस्त घालणाऱ्या कॅनेडियन रेंजर्सच्या हातात 1947 पासून ली-एन्फील्डच होती आणि 2018 साली नवी सी19 रायफल येऊ लागेपर्यंत ती तशीच, कामाची वस्तू म्हणून वापरात होती. न्यूफाउंडलंडपासून ब्रिटिश कोलंबियापर्यंत कितीतरी घरांत कापलेली .303 हीच मूस हे मोठे हरीण मारायची रायफल. तिथे तिला कुणी विटंबना म्हणत नाही.

ज्यांच्या हाती आज अशा रायफली येतात, त्या संग्राहकांना आणि संग्रहालयांना माझी एक विनंती आहे. नुसती करवत मारून सोडून दिलेली रायफल खुशाल मूळ रूपात न्या. पण एखादीवर कुणा कारखान्यातल्या कामगाराने महिनोन् महिने बसून अक्रोडाचा दस्ता बसवला असेल, वाकवलेल्या मुठीवर कानसीची खूण दिसत नसेल, लाकूड आणि पोलाद यांत फट नसेल, तर तिला हात लावू नका. तिच्या शेजारी कागद लावा: ही रायफल कुठल्या सैन्याची, कुणी किती डॉलरला घेतली, आणि घरी कशी घडवली. युद्धातली चार-पाच वर्षे तिच्या अंगावर कोरलेल्या क्रमांकांवरून वाचता येतात. नंतरची साठ-सत्तर वर्षे वाचायला तो दस्ताच लागतो.